बॉक्सिंग, ज्युदो की क्रिकेट : शाळकरी मुलांना खरा धोका कशात?

परळ_पीटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परळच्या एका शाळेत सातवी ते नववीसाठी जूनपासून लढतीचा एक खेळ सुरू करायचा आहे. बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो आणि कुस्ती असे पर्याय आहेत. पालकसभेत एकच सूर : "मारामारी कशाला? क्रिकेट, फुटबॉल आहे की." दुखापतींच्या नोंदी खरंच काय सांगतात?

जागा अशी : दुसरा मजला, २० बाय ३० फुटांची खोली, खाली लादी, मध्ये भिंतीला लागून दोन खांब, पंखे आहेत, एसी नाही. मुलं-मुली मिळून ३०, आठवड्याला तीन तास. काय बसेल आणि काय अजिबात नको? "प्रशिक्षक चांगला असला की झालं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

गुडघे_घोटे

पालकांची भीती रास्त आहे, पण त्यांनी पाडलेले गट चुकीचे आहेत. रिओ २०१६ ऑलिंपिकच्या वैद्यकीय नोंदीत दुखापतींत पहिला नंबर लागला बीएमएक्स सायकलिंगचा, ३८ टक्के खेळाडू. मग बॉक्सिंग ३०, माउंटन बाइक आणि तायक्वांदो २४, रग्बी आणि वॉटर पोलो १९. म्हणजे लढतीचे दोन खेळ वरच्या ओळीत आहेतच, पण त्यांच्या डोक्यावर सायकल बसलीय. हे अव्वल खेळाडूंचे स्पर्धेतले आकडे आहेत, सातवीच्या वर्गाला जसेच्या तसे लावू नका.

तलवारबाजीही लढतच. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेलं पातं मास्कमधून शिरलं आणि सोव्हिएत तलवारबाज व्लादिमिर स्मिर्नोव गेला. त्यानंतर पात्यांचं पोलाद बदललं, मास्क मजबूत झाले, कपड्यांना ८०० न्यूटनची चाचणी आली. आज तिथे मुरगळलेला घोटा आणि ताणलेली मांडी हीच नेहमीची तक्रार.

किती दुखापती होतात यापेक्षा कुठे आणि कशी होते ते बघा. फुटबॉलमध्ये वळताना किंवा उडी घेऊन उतरताना गुडघ्याचं एसीएल (आतला एक मुख्य अस्थिबंध) फाटतं, मुलींमध्ये जास्त. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा आणि गुडघा जातो. क्रिकेटमध्ये दुखापती कमी, पण लागली तर जबर लागू शकते : २०१४ मध्ये फिल ह्यूजला चेंडू हेल्मेटच्या खाली मानेवर बसला आणि मेंदूकडे जाणारी धमनी फाटली. १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभा होता, चेंडू डोक्याला लागला. दोघेही दगावले.

तरी एक फरक पुसता येत नाही. क्रिकेटमध्ये डोक्याला लागणं हा अपघात असतो, बॉक्सिंगमध्ये त्याचे गुण मिळतात. तायक्वांदोतही धडापेक्षा डोक्यावरच्या लाथेला जास्त गुण. डोकं झटक्यात गरगरलं की मेंदू कवटीच्या आत मागे राहतो आणि ताणला जातो. हेडगार्ड कापणं, सूज, टाके वाचवतं, ही गरगर थांबवत नाही. २०१३ मध्ये हौशी पुरुष बॉक्सिंगमधून हेडगार्ड काढलं ते कन्कशन (डोक्याला हादरा बसून मेंदूला होणारी इजा) कमी होतात या दाव्यावर. त्या दाव्यावर वाद आहे, भुवया फाटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. माझं मत : सातवी ते नववीला डोक्यावर मार असलेलं काहीही नको. सराव पकडीचा आणि फेकीचा ठेवा, म्हणजे ज्युदो किंवा कुस्ती.

उकेमी

वरच्यांशी सहमत, पण ज्युदोला लगेच "सुरक्षित" लेबल लावू नका. जपानमध्ये शाळांतल्या ज्युदोत १९८३ पासूनच्या तीन दशकांत शंभराहून अधिक मुलं दगावली. बरीचशी नवखी, आणि कारण ठरलेलं : ओसोतोगारीने (समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला मागे पाडणारी फेक) मागे पडताना डोक्याचा मागचा भाग आपटणं आणि मेंदूभोवती रक्तस्राव. तेव्हा पहिले तीन महिने ओसोतोगारी बंद. आधी उकेमी, म्हणजे न लागता पडायचं तंत्र : बसून मागे पडणं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर आपटायचे. मान सैल सोडणारं मूल ओळखून वेगळं काढा, त्याच्याशी फेकीचा सराव कोणी करायचा नाही.

तुमची खोली साधारण ६.१ बाय ९.१ मीटर. कडेने अर्धा मीटर सोडला तर १ बाय १ मीटरच्या ४० मॅट बसतात. ३० मुलं एकावेळी फेकायला लागली तर एकमेकांवर पडतील, आणि ज्युदोत विनाकारण होणारी दुखापत तीच. १५-१५ च्या दोन तुकड्या करा, उभ्याने फेकणाऱ्या जोड्या एकावेळी चारच, बाकीच्यांनी कडेला जमिनीवरची पकड करायची.

मॅट ४० मिमी जाड आणि दाट हवी. बाजारात मिळणारी २० मिमीची, तुकडे एकमेकांत अडकवायची कोडं-मॅट कराटेला चालते, फेकीला नाही. लादीवर मॅट सरकते आणि फटीत पायाचं बोट अडकून मोडतं. खाली रबराचं अंथरूण आणि चारी बाजूंनी लाकडी चौकट घाला, तरीही दर पंधरा मिनिटांनी फटी बघा. खांबांना सहा फुटांपर्यंत दोन इंची फोम. हातावरचे आणि गळ्यावरचे पेच या वयात शिकवूच नका. सुटकेची खूण मात्र पहिल्याच दिवशी : दोनदा थोपटणं किंवा तोंडाने "माइत्ता" (जपानीत "हरलो"). थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, नाही सोडलं तर तो दिवसभर मॅटबाहेर.

आणि नायटा. मुंबईच्या पावसाळ्यात हा खेळ हाडांपेक्षा त्वचेमुळे जास्त बंद पडतो. मॅट आधी साबणाच्या पाण्याने पुसा. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे १० मिली एक लिटर पाण्यात घालून मॅट १० मिनिटं ओली ठेवा आणि साध्या पाण्याने पुसून काढा. त्यात अॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. अंगावर गोल चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत मॅटवर नाही. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की चट्टा दबतो आणि मागाहून दुप्पट पसरतो.

कोपऱ्यातला_टॉवेल

बॉक्सिंगला एकदम हद्दपार करू नका राव. पहिलं वर्ष स्पॅरिंगच (जोडीदाराशी लढतीचा सराव) नको. फक्त दोरी, शॅडो (हवेत ठोसे), पॅड, बॅग. यात डोक्याला एकही ठोसा बसत नाही. बॅग मात्र पंख्याच्या हुकाला लटकवू नका. २५-३० किलोची बॅग नुसतं वजन देत नाही, झटके देते. आरसीसी बीममध्ये अँकर फास्टनर, तोही इमारतीच्या इंजिनिअरला दाखवूनच. हाताला सुती पट्टी नीट गुंडाळलेली हवी, नाहीतर करंगळीच्या मागचं हाड मोडतं. मूठ वळताना अंगठा बाहेर.

धोका स्पर्धेपेक्षा जिममध्ये जास्त असतो. स्पर्धेत पंच असतो, डॉक्टर असतो, नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती. जिममध्ये "अजून एक राउंड" म्हणणारे असतात.

वजनाबद्दल कोणी बोललं नाही. कुस्तीत आणि ज्युदोतही मुलांना वजन उतरवायला लावणारे महाभाग भेटतात. १९९७ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांतच तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले, मग रबरी सूट आणि सौना बंद झाले. आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, त्यात प्लॅस्टिक घालून पळवणं म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. शाळेत एकच नियम : आहे त्या वजनात खेळायचं.

तिसरी_स्लिप

क्रिकेट "बरं" म्हणणाऱ्या पालकांना एकदा आझाद मैदानावर न्या. एका सामन्याचा डीप मिडविकेट शेजारच्या सामन्याच्या फलंदाजाकडे पाठ करून उभा असतो. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. हेल्मेटची जाळी आणि कपाळपट्टी यांच्यातून चेंडू घुसतो का, हे हाताने दाबून बघितल्याशिवाय नेटमध्ये सोडू नका, आणि मागचा मानेचा गार्ड हवाच. बाकी दहीहंडीत थरावर मुलं बघणारेच ज्युदोला घाबरतात, ही गंमत वेगळीच.

परळ_पीटी

आभार. मग ज्युदो, १५-१५ च्या तुकड्या, बॅग नाही. डोक्यावर पडलंच तर मॅटवर नेमकं काय करायचं?

गुडघे_घोटे

त्या दिवशी परत खेळवायचं नाही, मूल कितीही "बरा आहे सर" म्हणालं तरी. मान दुखत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन. एकापेक्षा जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, दुहेरी दिसणं, झटके, हातापायात कमजोरी, यातलं एकही दिसलं तर थेट इमर्जन्सी. परळहून केईएम जवळ आहे. बेशुद्ध झालं असेल तर शुद्धीवर आल्यावरही न्यायचंच. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका.

यातलं काही नसेल तर २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, स्क्रीन कमी, चालणं चालेल. पुढे टप्प्याटप्प्याने : चालणं, धावणं, एकट्याने उकेमी, जोडीने फेकीशिवाय सराव, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. त्रास परतला तर एक टप्पा मागे. फेक डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. ब्रिटनमधल्या हौशी खेळांच्या नियमांत स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस लावतात, शाळेनेही तेच धरावं. कोण पडलं, कधी, काय लक्षणं होती हे वहीत त्याच दिवशी लिहा आणि पालकांना घरी रात्री काय बघायचं त्याचा कागद द्या.