कोलायडरमधल्या प्रत्येक उंचवट्याला महाएकीकरण सिद्धांत जोडावा का?

मूळ मत
१५ डिसेंबर २०१५ रोजी लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावरील ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी ७५० जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणभौतिकीतले ऊर्जेचे एकक) आसपास फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त, म्हणजेच आलेखात एक उंचवटा, दिसत असल्याचे जाहीर केले, आणि त्यावर शेकडो शोधनिबंध आले. काहींनी ई-६ या गणिती सममिती-समूहावर उभारलेल्या महाएकीकरण सिद्धांताचा आधार घेतला; महाएकीकरण सिद्धांत विद्युतचुंबकीय, दुर्बल आणि प्रबळ ही तिन्ही बले एकाच बलाची रूपे मानतात. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक विदा हाती आली आणि उंचवटा नाहीसा झाला. या सिद्धांतांचे मूळ क्षेत्र कोलायडरच्या टकरींपेक्षा सुमारे लाख कोटी पट ऊर्जेवर आहे. हवा तो कण हलका ठेवायचा आणि नको तो जड करून नजरेआड करायचा, ही मुभा घेऊन दिलेल्या स्पष्टीकरणाला मी स्पष्टीकरण मानत नाही.

प्रतिसाद १
ही मुभा मोकाट नाही. ई-६ मध्ये द्रव्यकणांची एक पिढी २७ घटकांच्या एकाच कुटुंबात बसते, आणि त्यात जादा क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या जातीचे कण) व एक उदासीन घटक आपोआप येतात. ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांपासून) तयार होऊन दोन फोटॉनांत विघटित होणाऱ्या उदासीन कणाला नेमके असेच जड क्वार्क मध्यस्थ म्हणून लागतात. ते त्या संकेतासाठी ऐनवेळी चिकटवलेले नव्हते. समूहाच्या गणितात ते आधीपासून होते.

मूळ लेखकाचे उत्तर
कण होते, पण आकडे जुळत नव्हते. त्या जादा क्वार्कचा विद्युतभार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या १/३ आहे, आणि फोटॉन-जोडीचा दर भाराच्या चौथ्या घाताने ठरत असल्यामुळे एकक भाराच्या मानाने तो ८१ पटींनी घटतो. ही तूट भरायला तिन्ही पिढ्या, आणखी भारित कण आणि मोठे युग्मांक (कणांमधल्या आंतरक्रियेची तीव्रता सांगणारे आकडे) आणावे लागले. नेमकी तीच ओढाताण मला खटकते.

प्रतिसाद २
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण खरी कसोटी प्रोटॉनची आहे: बहुतेक महाएकीकरण सिद्धांतांनुसार प्रोटॉन कधीतरी मोडतो. १९७४ चे सर्वांत साधे महाएकीकरण प्रतिमान, एसयू-५, कोलायडरने नव्हे, तर प्रोटॉनचा ऱ्हास न सापडल्याने बाद झाले. प्रोटॉन पॉझिट्रॉन आणि पायॉन या कणांत मोडण्याच्या मार्गासाठी जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दिलेली आयुर्मानाची किमान मर्यादा आता दहाच्या चौतिसाव्या घाताइतक्या वर्षांपलीकडे आहे. मार्च २०२१ मध्ये त्याच कोलायडरवरच्या एलएचसीबी प्रयोगाने बी-मेसॉन या अल्पायुषी कणांच्या विघटनात अपेक्षेपेक्षा ३.१ सिग्मांची (सिग्मा म्हणजे सांख्यिकीय अनिश्चिततेचे माप) तफावत दाखवली, तेव्हा अनेकांनी लेप्टोक्वार्क, म्हणजे क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारखे लेप्टॉन यांना जोडणारे कल्पित कण, पुढे केले. महाएकीकरणात त्याच कुटुंबातले इतर लेप्टोक्वार्क प्रोटॉन मोडू शकतात, म्हणून एक हलका आणि बाकीचे अतिजड का, याचे उत्तर देणे त्यांना भागच होते. डिसेंबर २०२२ मध्ये ती तफावतही गेली, तरी तो प्रश्न विचारणे योग्यच होते. महाएकीकरणाचे नाव घेणाऱ्याने उंचवट्याबरोबर प्रोटॉनच्या आयुर्मानाचा आकडाही त्याच निबंधात द्यावा. तो नसेल, तर मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे.