अनुभव धागा: वेसाव्यात राहायचं तर काय माहीत हवं?

खाडीकाठ (धागाकर्ता):
सरकारी पाटीवर वर्सोवा, गावकऱ्यांच्या तोंडी वेसावे. अंधेरी पश्चिमेचं हे टोक. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी, पलीकडे मढ. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93,56,962 होती आणि त्यातली साडेसात लाखांच्या आसपास माणसं एकट्या के पश्चिम (पालिकेच्या अंधेरी पश्चिमेकडच्या) विभागात राहत होती. त्या टॉवरांच्या गर्दीत जुना कोळीवाडा अजून स्वतःच्या घड्याळावर चालतो. नव्याने भाड्याने येणारे, मासळी घेणारे, नुसते फिरायला येणारे नेहमी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा. आठवणी नकोत, कामाचं लिहा.

तिथीवाला:
पहिली गोष्ट, इथलं घड्याळ तिथीचं. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी: चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुनवेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रोज पाणी साधारण 48 मिनिटं पुढे सरकतं. अंधेरीच्या राजाचं विसर्जन इथे संकष्टीला होतं, म्हणजे वद्य चतुर्थी. भरती तीनची, हे आधीच कळतं.

दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. पुनव-अवसेच्या आगेमागे पाण्याला जोर, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग. बोंबील, जवळा, करंदी धरणारी डोल हे नरसाळ्याच्या आकाराचं जाळं. ते ओढत नाहीत. तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासळी आत लोटतो. प्रवाह थांबायच्या बेताला ते उचलावं लागतं. उशीर झाला आणि पाणी उलटलं की जाळं उलट फिरतं, खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या निमुळत्या पिशवीत, जमलेली मासळी बाहेर. भांगाला प्रवाहाला जोरच नसतो, मग बोटी धक्क्याला दिसतात आणि बाजारात बोंबील महाग. अष्टमी-नवमीला ‘आज ताजं का नाही?’ म्हणून कोळणीशी वाद घालू नका.

खोल्यात हल्ली मासळीइतक्याच प्लास्टिकच्या पिशव्या येतात. त्या जाळ्याच्या डोळ्यांना चिकटल्या की पाणी आरपार जात नाही, ताण वाढतो आणि जाळं फाटतं. नाल्यात टाकलेली पिशवी कुठे जाते त्याचं उत्तर हे.

दुरुस्ती_हवी:
पाऊणचा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल आणि त्याच वेळी मुसळधार असेल, तर छापील तक्ताच बघा. नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही, रस्त्यावर तुंबतं.

खळ्यावरची:
‘घरासमोर वास येतो’ ही तक्रार टॉवरमधून दरसाल येते, म्हणून वलांडीचं नीट सांगते. बांबूचे खांब, त्यांना आडव्या दोऱ्यांच्या ओळी, ती वलांडी. बोंबील धुऊन दोन-दोनची जोडी करतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे जोडी सुटत नाही, गाठ मारावी लागत नाही. मग जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला, शेपट्या खाली. सराईत बाईचा हात बघताना जोडी कधी झाली ते कळत नाही.

मीठ लावत नाहीत. बोंबलात पाणीच जास्त. सात-आठ किलो ओल्यांचा जेमतेम एक किलो सुका निघतो. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर तीन ते पाच दिवस पुरतात. जोड्या दाटीने टाकल्या तर एकमेकांना चिकटतात, मधला भाग ओला राहतो आणि तिथेच माशी बसून अळी पडते. मळभ आलं की रंग लालसर होतो, भाव पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरातला अवेळी पाऊस सगळ्यात वाईट. अर्धा सुकलेला माल भिजला की तो खताच्या भावाने जातो. जवळा मात्र जमिनीवरच पसरतात, म्हणून त्याला वाळू लागते. घेतल्यावर चाळून घ्या.

खळ्याची, म्हणजे मासळी सुकवायच्या अंगणाची, जागा मोकळी दिसते म्हणून तिथे गाडी लावू नका. ती मोकळी नाही, तो कारखाना आहे.

आगोट:
वरच्याला जोड. सुकी मासळी मे महिन्यात भरून ठेवायची, तीच आगोटीची (पावसाळ्याच्या तोंडावरची) खरेदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ‘आत्ताच बोटीवरून उतरलं’ म्हणून कोणी पापलेट विकलं तर ते बर्फातलं समजा. सुका बोंबील फिकट पांढरट-पिवळा, हलका आणि कडक हवा. वाकवल्यावर नुसताच वाकला तर ओलावा आहे, पंधरा दिवसांत बुरशी. घरी आणून एक दिवस ऊन द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. ओले बोंबील तळायचे असतील तर चिरून पाट्याखाली तासभर दाबा, नाहीतर तव्यावर त्यांचं पिठलं होतं. आणि विचारल्याशिवाय वाट्यातली मासळी उलटीपालटी करायची नाही. ‘मावशी, बघू का?’ एवढं पुरतं.

शिरगणती:
लोकसंख्येचं थोडं. जनगणनेत कुटुंब म्हणजे एक चूल. कोळीवाड्यातल्या एका घरात खाली आई-वडील, वर दोन भाऊ, स्वयंपाक तीन ठिकाणी, तर ती तीन कुटुंबं. ‘आम्ही सगळे एकच’ असं अभिमानाने सांगितलं की कागदावर एकच कुटुंब लागतं. प्रगणकाला चुली मोजून सांगा.

दुसरी गळती खलाशांची. बोटीचा मालक नाखवा, चालवणारा तांडेल आणि खाली खलाशी. खलाशांत परप्रांतातले खूप. बरेच जण बोटीवरच झोपतात, जूनमध्ये बंदी लागली की गावी जातात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे ऐन हंगाम. माणसं इथे असतील, पण दारोदार फिरणाऱ्याला सापडणार नाहीत. नाखव्यांनी बोटवार यादी तयार ठेवली तर बरं. 2011 ला उपनगर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 860 स्त्रिया होत्या. एकट्याने कामाला आलेले पुरुष हे त्याचं एक मोठं कारण.

मच्छीमारांची वेगळी गणनाही होते, 2005, 2010 आणि 2016 साली झाली होती. दोन्हींचे आकडे एकमेकांवर ठेवू नका. एकीत राहणारे सगळे, दुसरीत फक्त मच्छीमार कुटुंबं.

नवा_भाडेकरू:
मेट्रोचं वर्सोवा स्टेशन कोळीवाड्याजवळ आहे ना? आणि मढला गाडीने जाता येईल?

तरीवाला:
नाही. नाव वर्सोवा, पण स्टेशन सात बंगल्याच्या बाजूला. पुढे रिक्षा धरा. मढला रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वेवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. तरीने (फेरीबोटीने) खाडी पाच मिनिटांत, दुचाकीही चढते. ओहोटी खोल असेल तर फेरीबोट धक्क्याला नीट लागत नाही, फळीवरून दुचाकी चढवताना घसरते, तेव्हा भरतीची वेळ साधा. ती कशी काढायची ते वर दिलंय. धोक्याचा बावटा लागला की फेरीबोट बंद, मग मार्वेच.