नव्वदीतलं नैराश्य आणि 'आता या वयात असंच व्हायचं'

कोथरूडची सून
काल सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. मथितार्थ असा की नव्वदीनंतर मन विझतंच, मुलांनी उगाच मानसोपचाराच्या गोळ्या सुरू करू नयेत, हातात जपमाळ द्यावी. खाली चाळीस जणांनी हात जोडले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या. गेल्या श्रावणापर्यंत पेपर आधी त्यांच्या हातात, कोडं पेनाने सोडवायच्या. एक दिवस संध्याकाळी पाहिलं तर पेपरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग रोजच तसं. आमटीत मीठ घालायचं विसरले तरी बोलल्या नाहीत. बावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. रडणं नाही, काही नाही. फक्त 'पोटात कसंतरी होतंय', 'पाय ओढतात' आणि पहाटे तीनला जाग. दोन डॉक्टर म्हणाले, वय झालं. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, मग कानाशी बसून हो-नाहीचे १५ प्रश्न विचारले. वृद्धांमधलं नैराश्य ओळखायलाच बनवलेले प्रश्न आहेत, ऐंशीच्या दशकापासून वापरात. 'आत्ता जिवंत आहोत हे छान वाटतं का?' याला त्या 'नाही' म्हणाल्या, इतक्या शांतपणे की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मग नैराश्याची गोळी अगदी कमी डोसवर सुरू केली. सहाव्या आठवड्यात जेवताना म्हणाल्या, 'भाजी अळणी आहे गं.' मी ताट तसंच ठेवून नवऱ्याला ऑफिसात फोन केला. जप त्या आधीही करत होत्या, आताही करतात. त्याच्याशी माझं भांडण नाही.

पेठेतला माणूस
ताई, तुमचा एक अनुभव, माझा एक. वडील ८९. आई गेल्यावर सहा महिने गप्प होते म्हणून अशीच गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात बरळायला लागले. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. रक्तातलं सोडियम ११६ पर्यंत उतरलेलं! चार दिवस आयसीयूत. एकसष्ट वर्षांचा संसार मोडल्यावर माणूस गप्प बसला, तर तो आजार? मग दुःख कशाला म्हणायचं?

कोथरूडची सून
दादा, वाचून पोटात गोळा आला. या गोळ्यांनी म्हाताऱ्यांचं सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरुवातीलाच तपासायचं असतं. आमच्याकडे दोन आठवड्यांत तपासलं. तुमच्याकडे तपासलं नाही, ही चूक झाली. पण दुःखात माणूस आठवण काढून रडतो आणि नात आली की हसतोही. सासूबाई पणतू मांडीवर असताना भिंतीकडे बघायच्या.

पेठेतला माणूस
वडील हसायचे. मांजर आलं की हसायचे. एवढं मान्य. पण हा फरक बघायला दहा मिनिटं कुठल्या डॉक्टरकडे असतात?

तळजाईला रोज
महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले. शंभराव्या वर्षात भारतरत्न. आपल्याच पुण्यातले. माणसाने हालचाल सोडू नये, बाकी सगळी थेरं आहेत.

पेठेतला माणूस
कर्व्यांचं नाव प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यात हाणणं बंद करा हो. माझ्या बापाचे दोन्ही गुडघे गेलेत. त्याने तळजाईची टेकडी चढली नाही म्हणजे तो आळशी?

सत्त्याऐंशी पूर्ण
तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहितो. मी ८७ चा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. सारसबागेत आमच्या कट्ट्यावर अकरा जण होतो. आता मी आणि दुसरा एक, त्याला ऐकू येत नाही. गोळीने ते नऊ जण परत येणार आहेत का? त्यात आता इमारत पाडून नवी बांधायचं चाललंय. तीन वर्षं लांब वाघोलीला भाड्याने जा म्हणतात. इथला वाणी उधार ठेवतो, न्हावी घरी येतो, औषधवाला नाव न विचारता पुडी देतो. तिथे मला कोण ओळखतं?

संस्थेचा सचिव
आलं! काका, राग मानू नका, पण अशाच हट्टापायी आमची १९७१ ची इमारत गळते आहे. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, तरी आम्ही घरोघरी हातापाया पडतोय. लिफ्ट हवी, पण पाडायचं नाही, हे कसं जमायचं?

सत्त्याऐंशी पूर्ण
मी सही अडवलेली नाही. भाड्याचं घर याच पेठेत, तळमजल्यावर मागितलं. बिल्डर भाडं ठरावीकच देतो, वरचे पैसे कोण देणार, यावर सभेत माझ्या अंगावर ओरडले. तुम्ही बांधकामाचे महिने मोजता. ८७ आणि ३ यांची बेरीज करून बघा.

संस्थेचा सचिव
ओरडलेला मी नव्हे. आणि माझंही ऐका. माझ्या आईला दवाखान्यात न्यायला चौघं जण खुर्चीवर बसवून खाली उतरवायचो. ती डोळे मिटून घ्यायची. मागची चार वर्षं तिने रस्ता फक्त गॅलरीतून बघितला, तशीच गेली. म्हणून मी लिफ्टच्या मागे लागलोय, फ्लॅटच्या भावासाठी नाही.

तळजाईला रोज
मूळ विषय राहिला बाजूला.

कोथरूडची सून
विषय हाच आहे. सासूबाईंना गोळीइतकंच कानाच्या यंत्राने उठवलं. ते वर्षभर बॅटरी काढून डब्यात पडलं होतं. काकांना पायऱ्या नडतात, ओळखीची माणसं तुटणं नडतं. ते गोळीने मिटणार नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण काका, रागावणार नसाल तर विचारते, जेवण कसं आहे? झोप?

संस्थेचा सचिव
काका, जवळच्या तळमजल्यासाठी भाड्यातला फरक संस्थेच्या निधीतून देता येतो का, हे आमच्या पुढच्या सभेत मी मांडतो. तुमच्यासारखे दोघे आमच्याकडेही आहेत. पास होईलच असं नाही.

सत्त्याऐंशी पूर्ण
सूनबाई, जेवण निम्म्यावर आलंय. तुम्ही वर पहाटे तीनचं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. मलाही तीनलाच जाग येते, दिवाळीपासून. गोळीचं मी काही कबूल केलेलं नाही. ते पंधरा प्रश्न मोठ्या अक्षरात पाठवा. उत्तरं मी एकटा असताना लिहीन, मुलासमोर नाही.