'कौम' आणि 'वतन': मराठीत काय लिहायचं?

टाकबोरू: मौलाना हुसेन अहमद मदनींच्या 1938 च्या 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम'मधला काही भाग मराठीत आणतोय. वाद माहीत असेलच. हल्लीच्या काळात कौमा (एक मानले जाणारे लोकसमूह) वतनावरून, म्हणजे राहत्या देशावरून बनतात, धर्मावरून नव्हे, असं देवबंदच्या मदरशाचे मदनी दिल्लीच्या सभेत म्हणाले आणि कवी इक्बालांनी आजारपणातही त्यांच्यावर झोंबणाऱ्या ओळी लिहिल्या. संपादकांना 'कौम'साठी 'समाज' हवाय. पण 'समाज' लिहिलं की द्विराष्ट्रवादाला दिलेलं उत्तर पार बोथट होतं. 'राष्ट्र' लिहावं तर मदनी 'मिल्लत', म्हणजे धर्मानं जोडलेला समूह, वेगळी मोजतात, तिला काय म्हणू? आणि 'वतन' वाचून आपला वाचक थेट पाटलाच्या वाड्यावर जातो.

शुद्धमती: राष्ट्र, धर्मसमुदाय, मातृभूमी. झालं. घरात शब्द असताना अरबी उसनवारी कशाला?

बाणकोटकर: मातृभूमी? मौलानांच्या तोंडी? अहो, 1937 च्या ऑक्टोबरात काँग्रेसनं 'वंदे मातरम'ची पहिली दोनच कडवी गायची ठरवलं ते भूमीला देवी मानण्यावरूनच. मदनींचं भाषण त्याच हिवाळ्यातलं. देशावर जीव असणं आणि देशाला आई म्हणणं, त्यांच्या लेखी या दोन गोष्टी होत्या. 'मायदेश'सुद्धा नको.

गोदाकाठ: आमच्या आजोबांच्या निजामाच्या वेळच्या शाळेच्या दाखल्यावर उर्दूत रकाना आहे, 'कौम', आणि पुढे 'मराठा'. म्हणजे मराठवाड्यात कौम म्हणजे सरळ जात! गुजराती पेपरात 'कोमी' हे दंगलीचं विशेषण, तर पाकिस्तानात 'कौमी असेंब्ली'. एकाच शब्दानं किती घरं केली बघा.

तिरकस: कौम, कायम, मुक्काम, सगळे एकाच अरबी धातूतले, 'उभं राहणं' या अर्थाचे. माझी सूचना: 'मुक्कामवाले'. 'रक्कम'ही त्यातलीच असणार.

गोदाकाठ: रक्कम नाही हो, तिचा धातू वेगळा.

शुद्धमती: मग 'जमात' घ्या, वापरातलाच आहे. 'जमातवाद' म्हणतोच की.

बाणकोटकर: आमच्याकडे जमात म्हणजे गावातली मंडळी. मशिदीच्या फळ्यावर खडूनं लिहितात: जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीची मिटिंग, वर्गणी बाकी असलेल्यांनी जरूर यावे. तिथं बांधावरची भांडणं मिटतात, लग्नाचे मांडव ठरतात. त्यात वाद पुष्कळ, पण तो तुमचा जमातवाद नव्हे.

टाकबोरू: शिवाय 'अनुसूचित जमाती' आहेतच. मूळ प्रश्न राहिला बाजूला…

गोदाकाठ: हमीद दलवाईंनी 'मुस्लिम जातीयता' लिहिलं तेव्हा जातीयता म्हणजे धर्मावरून फळी बांधणं. आज कॉलेजातली पोरं त्यात जातिव्यवस्था शोधतात. मदनींची 'कौम' तशीच 'कौम' ठेवा, पहिल्या पानावर टीप द्या.

शुद्धमती: टीप द्यावी लागली म्हणजे भाषांतर फसलं. 'राष्ट्रीय मुसलमान' हा शब्दप्रयोग तेव्हा सर्रास होता, तो सगळ्यांना कळायचा. त्याच वळणानं 'राष्ट्र' लिहा.

बाणकोटकर: कळायचा, आणि टोचायचाही. माझे आजोबा खादी घालायचे. गावात कौतुकानं 'राष्ट्रीय मुसलमान' म्हणायचे, की म्हातारा तडकायचा: शेजारच्या जोशीबुवांना कुणी 'राष्ट्रीय ब्राह्मण' म्हणतं का? विशेषण एकालाच लागतं, तेव्हा दुसऱ्याचं राष्ट्रीयत्व गृहीत धरलेलं असतं. मदनी नेमकं तेच नाकारत होते. भाषांतरात ते परत आत येणार असेल तर मला 'राष्ट्र' नको.

शुद्धमती: आजोबांचा राग समजला. पण शब्दाचा त्यात काय दोष?

वर्दळ: मधेच बोलतो. 'वतन' हा शब्द आमच्या घरात देशाभिमानाचा नाही. महार वतन म्हणजे गावाची राबणूक. बाबासाहेबांनी 1928 साली त्याविरुद्ध विधेयक मांडलं, आणि कायद्यानं ती वतनं संपायला 1958 उजाडलं. 'वतनावरून कौम बनते' हे वाक्य मराठीत जसंच्या तसं छापलंत, तर आम्ही ते जातीचं वर्णन म्हणूनच वाचू. तेही बरोबरच ठरेल!

तिरकस: वा! मग मदनी आणि गोदाकाठांचा दाखला एकच बोलतायत.

टाकबोरू: म्हणून 'देश' लिहितोय. 'कौमा देशावरून बनतात.'

बाणकोटकर: 'देशावरून' म्हणजे आम्हा कोकण्यांना घाटावरून.

गोदाकाठ: वर्दळ, तुमच्या वतनी जमिनी परत मिळाल्या का? आमच्या गावात नवीन शर्तीवर दिल्यात, सातबाऱ्यावर वर्ग 2.

वर्दळ: मिळाल्यात. विकायची तर परवानगी आणि सरकारला नजराणा.

शुद्धमती: 'नजराणा' बरा चालतो तुम्हाला!

वर्दळ: चालत नाही हो, भरावा लागतो. गोदाकाठ, तुमच्याकडे फेरफार तलाठ्याकडे अडलेत की वर?