स्वतः बांधलेली चीज (म्हणजे बंदिश) आणि त्यावर खाल्लेली बोलणी

माडीवरचा
परवा रात्रभर पाऊस. सकाळी बातमी आली की नाशकात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. इकडे आमच्या छताला ओल आली म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली घेतली, तर तळाशी दोनशे पानी वही. पुठ्ठा कसरीने खाल्लेला. उघडली तर माझंच अक्षर: राग दुर्गा, तीनताल, मध्यलय.

१९९१-९२ च्या सुमारास सराफ बाजारामागच्या एका वाड्याच्या माडीवर आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी जमायचो. कोणी नोट प्रेसमधले, कोणी शाळेत, एक किराणा दुकानवाले. गवई एकही नाही. आपण बांधलेलं काहीतरी आणायचं आणि बाकीच्यांनी ते सोलायचं, एवढाच नियम. वर्गणी चहापुरती.

माझी ओळ होती 'साँझ भई अब लौट पखेरू'. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी अकराव्या मात्रेवरून उठवली होती आणि मोठ्या ऐटीत गायलो. तबल्यावर मास्तर, वय तेव्हाच सत्तर. ठेका थांबवून म्हणाले, "समेवर काय आलं रे तुझ्या?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. म्हटलं, अब. "मग बस अब अब करत. पाखरू राहिलं की मागे." सगळी माडी हसली. माझे कान तापले. चपला शोधत खाली उतरलो तो गंगेवर (गोदाघाटावर) जाऊन बसलो. तिथे बोटांवर मोजत होतो तेव्हा लक्षात आलं, दोन मात्रा अलीकडे, थेट खालीवरून (नवव्या मात्रेवरून) उचललं की 'साँझ भई अब' बरोब्बर आठ मात्रांत संपतं आणि सम येते 'लौट'च्या लौ वर. शब्द तेच, स्वर तेच. पुढच्या रविवारी गायलो. मास्तर काहीच बोलले नाहीत, फक्त ठेका थांबला नाही.

अंतऱ्याचं (चीजेच्या दुसऱ्या भागाचं) पान मात्र कसरीने नेलं. 'पंख थके' एवढंच आठवतंय.

तुम्ही काही बांधलं असेल तर लिहा. कौतुक नंतर, बोलणी आधी.

सिडकोची सई
काका, दुर्गा रात्रीच्या दुसऱ्या प्रहरातला (नऊनंतर गायचा) ना? मग सांज कशी?

तिहाई
पाखरू द्वारका सर्कलला अडकलं असेल. तिथून सुटेपर्यंत दुसरा प्रहर लागतोच.

माडीवरचा
@सई तेव्हाही किराणावाल्यांनी हेच विचारलं होतं. उत्तर तेव्हाही नव्हतं.

काळी चार
मी पोळ्या लाटता लाटता बांधते. लाटण्याला लय असते, हसू नका. मागे बागेश्रीत एक केली होती, आठ दिवस तेच चालू. क्लासच्या ताईंना ऐकवली, छान म्हणाल्या. आमच्या सासूबाईंना सा आणि रे मधला फरक कळत नाही, त्या मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, ही बाई श्वास कधी घेते?"

मला आधी रागच आला. मग गाऊन पाहिलं. अंतऱ्याच्या चारही ओळींत एकेका मात्रेवर एकेक अक्षर कोंबलेलं! कुठे थांबायलाच जागा नाही. दोन 'री' आणि एक 'मोरी' काढून टाकली. आता दुसऱ्या ओळीनंतर दोन मात्रा रिकाम्या आहेत. त्या दोन मात्रांना मी मनात 'मेथी' म्हणते. बाकी नंतर, कुकर झालाय.

बिटको पॉइंट
मास्तर म्हणजे ते काळी टोपीवाले का? डाव्या हाताने उजवा तबला वाजवायचे?

माडीवरचा
नाही हो. ते वेगळे. हे टोपी घालत नसत, डोक्यावर रुमाल.

उलटा भूप
माझं छोटंसं. भूप म्हणून बांधली, अभिमानाने ऐकवली. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "भूप आहे खरा, पण सकाळी उठलाय." सगळा मुखडा धैवतावर टेकत होता ना. स्वर दोन्हीकडे तेच पाच, पण भूपाचं घर गंधारात आणि सकाळच्या देशकाराचं धैवतात. मी वरच्या मजल्यावर राहून खालच्याचं नाव पाटीवर लावलं होतं. शेवटी पाटी बदलली, चीज देशकारात ठेवली. तशीच बरी वाटते.

निफाडचा
इथे कोणी मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) घालतं का चीजेत? सदारंग, अदारंग, प्रेमपिया, प्राणपिया, दरसपिया वाचून मलाही चेव आला. पहिल्या बंदिशीच्या आधी नाव ठरवायला बसलो (हो, आधी नाव). मित्रांनी एकमताने ठराव केला: द्राक्षपिया. छाटणीच्या महिन्यात फोन आला की अजूनही "काय पिया, डोळे फुटले का?" असं विचारतात.

तिहाई
मी 'नासिकरंग' घेणार होतो. बायको म्हणाली, नावात रंग घेतलास तर पंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) पहिला तुलाच ढकलतील.

सिडकोची सई
द्राक्षपिया 😂😂 मेले

जवारी
आम्ही सतारवाले सुखी. मसीतखानी गत (सतारीची संथ रचना) बाराव्या मात्रेवरून उठणार, बोल ठरलेले, दिर दा दिर दा रा. ना पिया, ना ननदिया, ना सासूबाईंची मेथी. बोलणी मात्र आम्हालाही बसतात. मी गत वाजवली की वडील म्हणायचे, "बोटांचा व्यायाम झाला, आता राग वाजव."

पूररेषा
ननदियावरून, म्हणजे बंदिशीतल्या त्या हिंदी नणंदेवरून आठवलं. नाशकात कोण ननदिया म्हणतं? कोणाच्या डोक्यावर गगरी आहे? म्हणून २०१९ चा पूर पाहून आल्यावर मेघ रागात मराठीत बांधली:

पायरी पायरी
चढतसे माउली

झपताल, दहा मात्रांचा. 'पायरी' पाच मात्रांचा शब्द, दोन-तीनमध्ये आपोआप बसतो: पा ऽ | य री ऽ. मी काहीच केलं नाही, घाटाच्या पायऱ्यांनीच ताल दिला. मित्रांना पाठवली आणि जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. एक म्हणे, माउली म्हटलं की आळंदी आठवते, गंगामाई म्हण. अरे पण गंगामाई आठ मात्रा! झपतालाच्या अर्ध्यात कशी कोंबू? दुसरा म्हणे, 'चढतसे' आता बोलतं कोण. तिसरा म्हणे मराठीत ख्याल होतच नाही, व्यंजनं फार टोचतात. तिसऱ्याचं थोडं खरं निघालं. अंतऱ्यात 'काळोख' होता, त्यातला ळ नेमका तार षड्जावर (वरच्या सा वर). गाऊन बघा एकदा, जीभ टाळूला चिकटून बसते. तिथे 'अंधार' केलं. धा वर आकार मोकळा सुटतो. पण काळोख गेल्याचं वाईट वाटतं अजून.

काळी चार
'चढतसे' राहू दे. पाणी रात्री चढतं तेव्हा तसंच चढतं, कोणाला न विचारता.

उलटा भूप
मी त्या 'माउली'वाल्यांपैकी एक. अजूनही म्हणतो, आळंदी आठवते.

पूररेषा
आलास का इथेही!!

ओझरची
स्वरलिपीचा घोळ कोणाचा झालाय का? माझे गुरुजी पलुस्कर पद्धतीचे, मी पुस्तकांवरून भातखंडे शिकलेली. वही तपासायला दिली. भातखंड्यांत वर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्करांत वर टिंब म्हणजे मंद्र. गुरुजींनी माझा सगळा अंतरा खर्जात गाऊन दाखवला आणि गंभीरपणे म्हणाले, "प्रयोग धाडसी आहे."

जवारी
खपलो 😂

बिटको पॉइंट
नाशकात पलुस्करच चालायचे. विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम पंचवटीतलाच. त्यांचे चिरंजीव बापूराव १९२१ मध्ये इथेच जन्मले. आमचे आजोबा सांगायचे की
(फोन आला, नंतर लिहितो)

नाव नको
सगळे गमतीचं लिहिताय म्हणून जरा थांबले होते. एका स्पर्धेत स्वरचित बंदिशीची फेरी होती. नाव सांगत नाही. झिंझोटीत बांधली होती, वडील गेले त्या वर्षी. स्थायी झाली, अंतऱ्याचा पहिला शब्द उच्चारला आणि घंटा. कागदावर शेरा 'बरे'. बरे म्हणजे काय? सूर बरा, शब्द बरे, की मी बरी? चूक दाखवली असती तर घरी येऊन सुधारली असती. त्यानंतर बांधणं सुटलंच.

माडीवरचा
ताई, तो अंतरा इथे लिहा की. घंटा नाही इथे.

काळी चार
हो, लिहाच. मी काळी चार पट्टीत गाऊन रेकॉर्ड करून पाठवीन.

नाव नको
बघते. वही माहेरी आहे, देवळालीला.

तिहाई
हल्ली ग्रुपवर ध्वनिफीत टाकली की तीन मिनिटांच्या फितीला दहाव्या सेकंदाला "अप्रतिम" येतं. वीस अंगठे, चार फुलं, एक गणपती. मी मुद्दाम एकदा यमनात शुद्ध मध्यम (तिथे तीव्रच लागतो) ठोकून टाकला होता. अप्रतिम!

पूररेषा
यमनकल्याण समजले असतील रे, त्यात दोन्ही लागतात.

सिडकोची सई
कोणी पेटी दुरुस्त करणारे सांगाल का? पांढरी तीन दाबली की दोन पट्ट्या बोलतात. शक्यतो सिडको नाहीतर इंदिरानगर.

जवारी
पावसात भाता ओला होतो, पट्ट्या फुगतात. उघडून सुक्या कपड्याने पूस, आठवडाभर पेटीत कापूर ठेव. नाहीच जमलं तर मेसेज कर.

बिटको पॉइंट
आलो. तर आजोबा. ते काही गायचे नाहीत, त्यांचं पंचवटीत सायकलचं दुकान होतं. पण आश्रमातली भजनं ऐकून ऐकून पंक्चर काढतानाही ठेक्यातच हातोडी पडायची म्हणे. विषयाशी संबंध नाही, आठवलं म्हणून.

निफाडचा
@माडीवरचा काका, त्या 'पखेरू'ला अंतरा हवा ना? मी बसवून पाहिला:

दीप जले सब घाट किनारे

हाही खालीवरून. सम 'घाट'च्या घा वर येते, मोजून घ्या.

माडीवरचा
मोजली. बसते. आत्ता ओसरीत बसून तीनदा म्हटली, घा ला तार षड्ज घेऊन. छान वाटतंय.

उलटा भूप
एक मिनिट. घाट पण आणि किनारा पण? दोन्ही एकच ना.

निफाडचा
मात्रा भरायच्या होत्या हो.

उलटा भूप
दिसतंय ते.

माडीवरचा
मास्तर असते तर ठेका थांबवला असता. द्राक्षपिया, रविवारपर्यंत दुसरं शोधून आणा.