बोरघाटात गाडी 'तोंड फिरवायची' म्हणजे काय?

माझे पणजोबा कर्जतला रेल्वेत गँगमन. आजी सांगायची, तेव्हा घाटात गाडी तोंड फिरवायची. नेमकं काय व्हायचं?

प्रतिसाद १: ताई, आजीचं अगदी बरोबर आहे. घाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट, आणि कड्यावर वळण घ्यायला जागाच नाही. म्हणून गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात शिरून थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेवटचा डबा पुढे होऊन गाडी निघायची. १९२९ मध्ये विजेची इंजिनं आली, नवी वाट झाली, ते स्टेशन संपलं. त्याआधीचे हाल तर विचारूच नका! खंडाळा-पुणे गाडी १८५८ पासून होती, पण घाट तयार नव्हता. खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर तट्टावरून खंडाळा गाठायचं.

प्रतिसाद २: या घाटमार्गाच्या बांधकामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच वारले. पत्नी ॲलिस यांनी कंत्राट हाती घेऊन काम तडीस नेलं. हे शाळेत शिकवायलाच हवं. आणि पटकीने गेलेल्या मजुरांबद्दलही.

प्रश्नकर्ती: दादा, मनापासून आभार. कर्जतला मागे बँकर इंजिन (चढावर गाडी ढकलणारं जादा इंजिन) लागताना डब्याला बसतो तो धक्का, आजी त्याला 'घाटाचा नमस्कार' म्हणायची.