मदत हवी आहे: वंशावळ ऑनलाइन, सगळ्या नातेवाइकांना मिळून भरता येईल अशी (फुकट)

गोदाकाठची: वंशावळ एक्सेलमध्ये केली होती, घरच्या ग्रुपवर टाकली तर प्रत्येकाने उतरवून घेऊन आपापली भर घातली आणि आता माझ्याकडे सात फायली आहेत, सातही वेगळ्या. एकीत पणजोबा आणि त्यांचा नातू एकच माणूस झालेत कारण दोघंही रामचंद्र विष्णू. चैत्रात वणीला सगळे जमणार, त्याआधी पाहिजे. कुठली साइट चांगली? लवकर सांगा.

सिडको_नाशिक: लवकर सांगतो पण माहिती तरी द्या. माणसं किती? मोबाइलवरच पाहिजे का? जिवंत माणसं पण घालायचीत का फक्त गेलेली?

मोडीवाचक: ताई, आधी रामकुंडावर जा. तुमच्या घराण्याचे उपाध्ये शोधा, गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. आमच्या पाच पिढ्या तिथे मिळाल्या, काही पानं मोडीत होती ती मी दोन दुपारी बसून लावली. पणजोबांची सही दिसली तेव्हा पुढचं पान उलटवेना.

गोदाकाठची: काका, नावं आहेत हो, ती एकत्र ठेवायची कुठे ते विचारतेय. साधारण २६० माणसं, निम्म्याहून जास्त जिवंत. भाऊ पुण्यात, आत्या बडोद्याला, तिला फक्त व्हॉट्सअ‍ॅप येतं.

नाशिकरोडकर: फॅमिलीसर्च. पूर्ण फुकट, अ‍ॅप आहे, सगळ्यांचं मिळून एकच झाड. डोळे झाकून घ्या.

सिडको_नाशिक: डोळे झाकून नको. तिथे जिवंत माणूस एरवी ज्याने भरला त्यालाच दिसतो, म्हणजे ताईंनी भरलेली पोरं भावाला दिसणार नाहीत, तो परत भरणार, सगळं डबल. आणि गेलेल्यांची माहिती कोणीही बदलू शकतं. विकीट्री बघा, तेही फुकट, जिवंत माणसाचं पान खाजगी ठेवून कोणाकोणाला उघडायचं ती यादी आपण करायची.

नाशिकरोडकर: कोणीही बदलू शकतं हाच तर फायदा, आणि कोणी काय बदललं ते नोंदलेलं राहतं, चूक मागे घेता येते. तुम्ही स्वतः वापरलंय का?

सिडको_नाशिक: दोन वर्षं वापरलंय म्हणूनच सांगतोय.

वणीकर: सप्तशृंगी कुलदैवत का? आमचंही तेच! आडनाव काय तुमचं? चैत्रात रामनवमी ते पौर्णिमा गडावर पाय ठेवायला जागा नसते, नंतरचा दिवस धरा.

उमा_गंगापूररोड: जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर टाकू नका, बँका ओळख पटवायला हेच विचारतात. मी ग्रॅम्प्स वापरते, फुकट आहे, कॉम्प्युटरवर चालतं, एकीनेच भरायचं आणि बाकीच्यांनी फोनवर सांगायचं. एक्सेलची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून आत घेता येते, फक्त रकान्यांची नावं त्याला लागतात तशी द्या. प्रत्येक माणसाला नंबर द्या म्हणजे दोन रामचंद्र एक होणार नाहीत. नंतर साइटवर न्यायचं ठरलं तर गेडकॉम फाइल काढा, म्हणजे वंशावळ एका प्रोग्राममधून दुसरीकडे न्यायची ठरावीक फाइल.

गोदाकाठची: नंबरचं पटलं, आज रात्रीच बसते. आत्याचं फोनवरच विचारून घेईन. पण पणजोबांची तिथी माहितीय, भाद्रपद वद्य सप्तमी, साल नाही. आणि पणजीचं माहेर कोणालाच आठवत नाही, आत्यालाही नाही. नुसतं 'रामचंद्राची बायको' लिहायला मन होत नाही.

उमा_गंगापूररोड: तिथी शेऱ्यात लिहा, साल अंदाजे टाकू नका, पुढे तेच खरं धरलं जातं.

मोडीवाचक: आमच्या वहीत पणजीचं माहेर आणि गाव दोन्ही लिहिलेलं होतं. म्हणून म्हणत होतो, रामकुंडावर जा. पान मोडीत निघालं तर मी येतो वाचायला.